कोकणातल्या शेडमध्ये हलकी मिड-इंजिन स्पोर्ट्स कार: वजनाच्या वहीपासून ट्रॅकपर्यंत

स्पोर्ट्स कार बनवतोय असं आपल्या भागात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, ‘इंजिन कुठलं टाकणार?’ खरं तर हा तिसरा प्रश्न. पहिला, गाडी चालवणार कुठे. दुसरा, ती भरणार किती किलोला. या दोन्हींची उत्तरं वहीत लिहून होईपर्यंत भंगारवाल्याच्या दारात पाऊल टाकू नका. इंजिन एकदा शेडमध्ये येऊन पडलं की माणूस त्याच्याभोवती गाडी रचत बसतो आणि वजनाचा हिशेब सुटतो तो सुटतोच.

हा लेख दोन सीटच्या, पाठीमागे पण मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे इंजिन असलेल्या, म्हणजेच मिड-इंजिन, साधारण ६०० किलोच्या गाडीबद्दल आहे. वेल्डिंगचा हात बसलेला एक माणूस, चिऱ्याची शेड आणि वर्ष-दीड वर्षाचा धीर एवढं गृहीत धरलंय. कोकणात याला एक मोठा फायदा आहे: रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत फायबरच्या होड्या करणारे कारागीर आहेत, आणि हलक्या गाडीची बॉडी फायबरचीच असते. लेथ-मिलिंगचं बारीक काम अडलं तर आंबा घाट किंवा करूळ घाट चढून गेलं की कोल्हापूरचं उद्यमनगर आहेच. तोटे सगळ्यांनाच माहीत आहेत: खारा वारा, चार महिने पाऊस आणि लाईट.

आधी कागद

घरी बनवलेली गाडी रस्त्यावर येत नाही, हे आधीच पचवून घ्या. नव्या गाडीला नंबर मिळवायचा तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे तिचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत तपासून घ्यावा लागतो. तो खर्च कारखान्याला झेपतो, हौशी माणसाला नाही. जुन्या गाडीचं आरसी नव्या सांगाड्याला लावून टाक, असा सल्ला कुणीतरी देईलच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नेमकं त्याच्या आड येतं, आणि उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलात फेरफार करता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय.

म्हणजे ही गाडी ट्रॅकची आणि खाजगी आवाराची. यात वाईट वाटून घेण्यासारखं फारसं नाही. काचा, वायपर, एअरबॅग, हेडलाईटची उंची ही सगळी डोकेदुखी गेली, आणि तेवढं वजनही गेलं. सुट्या भागांसाठी अपघातात गेलेली गाडी घेणार असाल तर तिची नोंदणी रद्द करून घ्या. कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाल्यावर मालकाने १४ दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, आरटीओला कळवायचं असतं. कागद नसलेलं इंजिन स्वस्त मिळतं ते का, हे वेगळं सांगायला नको.

वजनाची वही

एक साधी वही घ्या. प्रत्येक पानावर दोन रकाने: धरलेलं आणि आलेलं. गाडीत जाणारी प्रत्येक गोष्ट, अगदी बोल्टची पिशवीसुद्धा, काट्यावर ठेवल्याशिवाय गाडीत जाणार नाही. काटा विकत घ्यायची गरज नाही. काजूच्या किंवा आंब्याच्या व्यापाऱ्याकडे प्लॅटफॉर्म काटा असतो, आणि हंगाम संपला की तो कोपऱ्यात पडून असतो.

सुरुवातीला मी असा आराखडा धरतो. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून १२० किलो. सांगाडा ८०. सस्पेन्शन, हब, ड्राइव्ह शाफ्ट आणि ब्रेक १०५. चाकं आणि टायर ६०. बॉडी ७०. सीट, बेल्ट, स्टिअरिंग, पेडल ४५. टाकी आणि २० लिटर पेट्रोल २०. रेडिएटर, पाईप, पाणी २०. बॅटरी आणि वायरिंग २०. सायलेन्सर १२. रोल हूप (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी कमान), फायरवॉल (माणूस आणि इंजिन यांमधली आग अडवणारी भिंत), फ्लोअरचे पत्रे ४८. बेरीज बरोबर ६०० येते, आणि ती कागदावर येते तितक्या सहजासहजी काट्यावर येत नाही. म्हणून दहा टक्के ‘चोरवजन’ धरून ठेवा: वायरिंगच्या टेप, जास्तीचे ब्रॅकेट, ‘असू दे, मजबूत होईल’ म्हणून मारलेली पट्टी. ६६० च्या पुढे गाडी गेली तर काहीतरी चुकतंय.

मापदंड म्हणून लोटस एलिस डोळ्यांसमोर ठेवा. १९९५ साली दाखवलेली आणि १९९६ मध्ये विक्रीला आलेली ही गाडी सुमारे ७२५ किलोची होती. अ‍ॅल्युमिनिअमचे एक्स्ट्रूजन (साच्यातून दाबून काढलेले लांब तुकडे) एपॉक्सीने चिकटवून केलेली तिची चासी ७० किलोच्या आत होती, आणि इंजिन रोव्हरचं साधं १.८ लिटरचं, १२० पीएसच्या (अश्वशक्तीच्या) आसपास. टनामागे १६५ पीएस. शेडमध्ये आपल्याला तशी चासी जमणार नाही, जमवायला जाऊही नका. चिकटवण्याआधी अ‍ॅल्युमिनिअमवर जी रासायनिक प्रक्रिया लागते ती घरगुती पातळीवर भरवशाची होत नाही. पण तिचा विचार उचलता येतो: ताकद वाढवण्याआधी वजन उतरवा. कमी वजनाला ब्रेक छोटा पुरतो, टायर अरुंद चालतो, स्प्रिंग हलकी लागते, आणि ही सगळी वजनं पुन्हा वहीतून वजा होतात.

इंजिन मध्ये का, आणि कुठलं

एका काठीच्या दोन टोकांना दोन नारळ बांधून मनगटाने ती फिरवून बघा, मग तेच नारळ मुठीजवळ आणून बांधा. वजन तेवढंच, पण काठी फिरवायला लागणारा जोर एकदम कमी. मिड-इंजिन गाडी वळणात पटकन तोंड फिरवते ती याच कारणाने. मागच्या चाकांवर ६० टक्के वजन असल्याने जोर लावताना चाकं घसरतही नाहीत. याची दुसरी बाजूही तितकीच खरी: जी गाडी पटकन वळते ती पटकन गरगरतेसुद्धा. वळणाच्या मध्यात घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट बाहेर येतं. हे लक्षात ठेवूनच पुढचं सगळं करायचंय.

आपल्या गावागावांत फिरलेली मिड-इंजिन गाडी म्हणजे मारुती ओम्नी: इंजिन पुढच्या सीटखाली, ड्राइव्ह मागच्या चाकांना. पण तिचं इंजिन उभं, मागे प्रोपेलर शाफ्ट आणि सबंध अ‍ॅक्सल. आपल्या कामाची नाही. टाटा नॅनोचा मागचा सेट अनेकांना मोहात पाडतो. इंजिन-गिअरबॉक्स एकत्र, मागच्या बाजूला, सगळं तयार. पण ६२४ सीसीचे ३८ पीएस. शिकण्यासाठी ठीक.

रुळलेली वाट आहे फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडीचा अख्खा पुढचा सेट उचलून सीटच्या मागे बसवण्याची. १९७२ च्या फियाट एक्स १/९ ने फियाट १२८ चा सेट असाच मागे नेला, १९८४ च्या टोयोटा एमआर२ ने कोरोलाच्या घरातला. आपल्याकडे मारुतीचं ९९८ सीसीचं के१० इंजिन ६८ पीएस देतं आणि हलकं आहे, स्विफ्टचं १.२ लिटरचं के१२ साधारण ८५ पीएस. ६०० किलोला हे अनुक्रमे टनामागे ११३ आणि १४२ पीएस झाले. पहिल्या गाडीला मी स्विफ्टचाच सेट घेईन. भाग तालुक्याच्या गावातही मिळतात, आणि ते इंजिन उघडलेला मेकॅनिक प्रत्येक नाक्यावर आहे.

सेट मागे नेताना तो फिरवायचा नाही. आडवं इंजिन मूळ गाडीत ज्या बाजूला तोंड करून होतं तसंच ठेवून नुसतं मागे सरकवा. फिरवलंत तर गिअर उलटे पडतात. १९६६ च्या लोटस युरोपात रेनोचा सेट उलटा बसवला होता, तेव्हा डिफरन्शिअलचं क्राऊन व्हील पिनिअनच्या दुसऱ्या बाजूला न्यावं लागलं. नाहीतर एक गिअर पुढचा आणि चार रिव्हर्सचे झाले असते.

गाडी घेताना ती चालू असतानाच बघा, आणि फक्त इंजिन नको, सगळं उचला: ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग, चावी आणि तिचा इमोबिलायझर, अ‍ॅक्सिलरेटर पेडल, ऑक्सिजन सेन्सर, नकल (चाकाचा हब धरणारा भाग), हब, कॅलिपर, ड्राइव्ह शाफ्ट, इंजिनचे रबर माउंट. प्रत्येक कनेक्टर काढण्याआधी त्यावर टेप लावून नाव लिहा. वायरिंगबद्दल एवढंच, हे नीट केलं तर पुढे दोन दिवसांचं काम, नाही केलं तर इलेक्ट्रिशियन तुमच्या शेडमध्येच मुक्कामाला येईल.

गिअर केबलने पडणारा सेट घ्या. मूळ केबल आखूड पडते. लांब पुश-पुल केबल गाड्यांच्या दुकानात शोधत बसू नका. आऊटबोर्ड मशीनच्या बोटींना लागणाऱ्या कंट्रोल केबल बंदराजवळच्या दुकानांत मिळतात आणि खाऱ्या हवेसाठीच बनलेल्या असतात. फक्त स्ट्रोक, म्हणजे केबल किती सरकते ते, मोजून घ्या.

माणूस, इंजिन, चाकं

सांगाड्याचं चित्र काढण्याआधी चालवणारा माणूस बसवा. बांबू, जुन्या प्लायच्या पट्ट्या आणि प्लास्टिकची खुर्ची कापून जमिनीवर पूर्ण मापाचा नमुना करा. टाचा पुढच्या अ‍ॅक्सलच्या मागे, पाठ साधारण पन्नास अंश कललेली, स्टिअरिंग छातीसमोर. पाठीमागे टाकीला जागा, मग फायरवॉल, मग इंजिन. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर, २३०० मिमी धरून सुरू करा. एलिसचाही तेवढाच आहे. मागचा ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, ठरवायचा प्रश्नच नाही. मूळ नकल आणि मूळ ड्राइव्ह शाफ्ट वापरले की तो स्विफ्टचा येतो, दीड मीटरच्या थोडा आत.

टाकी माणूस आणि इंजिन यांच्या मध्ये, खाली. पेट्रोल कमी झालं तरी वजनाचा समतोल फारसा हलत नाही. इथे एक इशारा: होडीवाला तुम्हाला हौसेने फायबरची टाकी करून देतो म्हणेल. नको. पंपावर आता ई२० (वीस टक्के इथेनॉलचं) पेट्रोल येतं, आणि इथेनॉल पॉलिएस्टर रेझिनला हळूहळू मऊ करून सोडतं. अ‍ॅल्युमिनिअमची, आत आडपडदे असलेली टाकी करा. नळ्याही इथेनॉल चालणाऱ्या, इंजेक्शनच्या प्रेशरच्या घ्या.

सांगाडा

२५ बाय २५ मिमीची, १.६ मिमी जाडीची चौकोनी ट्यूब मीटरमागे सुमारे १.१७ किलो भरते. ६० मीटरमध्ये काम बसवलं तर ७० किलो, वर ब्रॅकेट. जाड ट्यूब घेऊन मजबुती येत नाही, त्रिकोणांनी येते. प्रत्येक मोकळ्या चौकोनाकडे संशयाने बघा: त्याला कर्ण का नाही? दोनच ठिकाणी कर्ण देता येत नाही, माणूस बसतो तिथे आणि इंजिन आत-बाहेर जातं तिथे. म्हणून दरवाजाऐवजी उंच, रुंद साईड सिल ठेवा, आणि इंजिनच्या वरचा कर्ण बोल्टने निघणारा करा.

रोल हूपला मात्र शिवणीची ट्यूब अजिबात नको. मोटर रेसिंगची जागतिक संघटना असलेल्या एफआयएच्या नियमात मुख्य हूपला ४५ बाय २.५ किंवा ५० बाय २ मिमीची, थंड ओढलेली सीमलेस कार्बन स्टील ट्यूब सांगितली आहे. तीच वापरा, आणि ती मँड्रेलवर वाकवून घ्या. बागेच्या गेटला करतात तशी वाळू भरून, तापवून वाकवलेली नको.

वेल्डिंगचं वेळापत्रक वारा ठरवतो. दुपारी दर्यावरचा वारा सुटला की मिग वेल्डिंगचा गॅस उडून जातो आणि सांधा जाळीदार होतो. वरून गुळगुळीत दिसतो, ग्राइंडर मारला की आत भोकं. सकाळी काम करा किंवा तिन्ही बाजूंनी ताडपत्री सोडा. आधी सगळा सांगाडा नुसता टाके मारून उभा करा, कर्णांची मापं चारही कोपऱ्यांतून जुळवा, मग समोरासमोरचे सांधे आलटून-पालटून पूर्ण करा. एका बाजूने सलग वेल्ड करत गेलात तर सांगाडा तिकडे ओढला जाणारच.

बॉडी चढवण्याआधी पीळ तपासा. मागचे स्प्रिंगचे खांब घट्ट बांधा, पुढचा भाग मधोमध एका टेकूवर ठेवा, पुढे आडवी तुळई बोल्ट करून मध्यापासून एक मीटरवर १०० किलो टांगा. हा ९८१ न्यूटन-मीटरचा पीळ झाला. मध्यापासून अर्ध्या अर्ध्या मीटरवर दोन्हीकडे डायल गेज लावा. एक बाजू २ मिमी खाली आणि दुसरी २ मिमी वर गेली तर कोन ०.२३ अंश, म्हणजे अंशाला सुमारे ४३०० न्यूटन-मीटर. हौशी गाडीला चार हजारांच्या पुढे गेलात तर समाधान माना. कमी आलं तर कर्ण बदलून पुन्हा मोजा. ट्यूबची जाडी वाढवणं हा शेवटचा उपाय.

मागची चाकं: इथेच गाड्या बिघडतात

पुढचा सेट मागे गेला की त्याच्या नकलवर स्टिअरिंगचा टाय रॉड लागायची जागा तशीच राहते. तिथे आता ठराविक लांबीचा रॉड लावून तो सांगाड्याला बांधायचा, हाच टो-लिंक. बहुतेक लोक तो जिथे जागा मिळेल तिथे बांधतात. मग चाक खड्ड्यात गेलं की ते थोडं आत-बाहेर वळतं, म्हणजे गाडीला मागून कुणीतरी स्टिअरिंग मारतं. पहिल्या पाँटिअ‍ॅक फिएरोत जनरल मोटर्सने शेव्हरले सायटेशनचं पुढचं सस्पेन्शन असंच मागे नेलं आणि टाय रॉड फ्रेमला बांधले होते. १९८८ च्या गाडीत ते सस्पेन्शन नव्याने करावं लागलं.

उपाय सोपा आहे. मूळ गाडी मोडण्याआधी तिच्या खाली जा. लोअर आर्मच्या आतल्या बुशपासून रॅकच्या आतल्या सांध्यापर्यंतची मापं तिन्ही दिशांनी घ्या: किती वर, किती मागे, किती आत. टो-लिंकचा आतला सांधा सांगाड्यावर बरोबर त्याच जागी आणा. मग डॅम्पर (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) काढून चाक जॅकने वर-खाली करा, हबवर सरळ पट्टी बांधून तिची दोन्ही टोकं मोजत राहा. ५० मिमी वर आणि ५० मिमी खाली या प्रवासात टो, म्हणजे चाकाचं आत-बाहेर वळणं, एक मिमीपेक्षा जास्त बदलता कामा नये. बसल्या जागी मागच्या प्रत्येक चाकाला एक ते दोन मिमी टो-इन (चाकाची पुढची कड आत) द्या. गाडी थोडी आळशी वाटेल, वाटू दे.

स्प्रिंगचा हिशेब हातानेच करता येतो. माणसासकट ६७५ किलो, त्याचे ६० टक्के मागे, म्हणजे एका मागच्या चाकावर साधारण २०० किलो. त्यातून चाक-हबचे ३० वजा केले की १७० उरतात. सेकंदाला १.६ हेलकावे हवे असतील तर चाकाजवळ मिलिमीटरला सुमारे १७ न्यूटनची ताकद लागते. चाक १० मिमी हललं की स्प्रिंग ७ मिमी दबत असेल, तर ०.७ चा वर्ग करून भागा: स्प्रिंग ३५ न्यूटन प्रति मिमीची. आकडा कोल्हापूरला स्प्रिंगवाल्याला द्या; ‘स्विफ्टपेक्षा जरा कडक’ असं सांगू नका.

पुढे ट्यूबचे दुहेरी विशबोन (वर-खाली त्रिकोणी आर्म) करा. पुढच्या चाकांनाही तसेच नकल वापरणार असाल तर रिकाम्या हबमधून शाफ्ट काढून टाकू नका. बाहेरचा सीव्ही जॉइंट कापून त्याचा खुंट हबमध्ये नट आवळून तसाच ठेवा, कारण बऱ्याच हबचं बेअरिंग त्याच नटाच्या दाबावर एकत्र राहतं. पुढे टायर अरुंद, मागे रुंद. मिड-इंजिन गाडीला चारही सारखे टायर लावणं म्हणजे शेपटीला आमंत्रण.

ब्रेकमध्ये मूळ गाडीचा पुढे-मागेचा वाटा उपयोगाचा नाही. तो पुढे जड असलेल्या गाडीचा होता. दोन मास्टर सिलिंडर आणि मध्ये बॅलन्स बार असलेला पेडल बॉक्स लावा. पुढची चाकं मागच्यांच्या किंचित आधी लॉक व्हायला हवीत, नेहमीच. आणि पुढचे कॅलिपर मागे गेल्याने हँडब्रेक उरत नाही, हे शेवटी आठवतं. केबलवाला वेगळा छोटा कॅलिपर आधीच योजून ठेवा.

रेडिएटर पुढेच हवा. दोन पाईप मधल्या बोगद्यातून न्या, आणि सर्वांत उंच जागी हवा काढायचा नट द्या. ती जागा बहुधा इंजिनकडे नसते, रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात असते. हवा अडकली की तापमानाचा काटा मधेच राहतो आणि हेड तापून वाकतं. वळणात तेल एका बाजूला पळू नये म्हणून सम्पमध्ये (इंजिनच्या तळाच्या तेलाच्या ट्रेमध्ये) आडपडदे वेल्ड करून घ्या.

फायबर

मोल्डिंगचा हंगाम दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात हवेतला ओलावा काचतंतूची मॅट पिते, रेझिन नीट कडक होत नाही आणि वर्षभराने पृष्ठभागावर फोड येतात. जून ते सप्टेंबर वेल्डिंग आणि इंजिनकामात घालवा.

आधी प्लग, म्हणजे बॉडीचा पूर्ण मापाचा नमुना: प्लायचे आडवे छेद, मधे पीयू फोम, वर पुट्टी. थर्माकोल वापरू नका, पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन तो डोळ्यांदेखत वितळवतं. प्लग आरशासारखा होईपर्यंत घासा, कारण त्याचा प्रत्येक ओरखडा मोल्डमध्ये आणि मोल्डमधून बॉडीत येणार. मग वॅक्सचे पाच-सहा हात, वर पीव्हीए (मोल्ड सुटा निघावा म्हणून द्यायचा पातळ थर), आणि मोल्ड. मोल्ड मात्र जाड करा आणि मागून रिब द्या. वजन त्याचं मोजायचं नाही.

बॉडीचं मोजायचं. ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर रेझिन पिऊन चौरस मीटरला दीड किलो होतो, जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत थर) सुमारे ६०० ग्रॅम. दोन थर आणि जेलकोट म्हणजे ३.६ किलो. बॉडी साधारण १२ चौरस मीटर धरली तर ४३ किलो. कडा, बिजागऱ्या, रिब धरून सत्तरच्या आत. चार थर मारले की नुसती कातडीच ७९ किलोची. आणि होडीवाला चार थर मारणारच, कारण त्याचा हात तसा बसलाय. मालवणकडचे एक फायबरवाले दोन थरांवर मला थांबवून म्हणाले, ‘‘दोन थरात काय होता? खडकार आपाटली तर फुटतली!’’ त्यांचं त्यांच्या जागी बरोबर होतं. अशा वेळी वाद घालू नका. मॅट स्वतः कापून, तोलून, प्रत्येक भागासाठी वेगळ्या पिशवीत भरून द्या, आणि रेझिनही मापून. पिशवी संपली की काम संपलं. रोलर भरपूर फिरवायला सांगा. हवा निघाली की ताकद येते, रेझिन जास्त ओतल्याने नाही.

हार्डनर एक ते दोन टक्के, थंड सकाळी दोनकडे, दुपारी एककडे. हार्डनर आणि रेझिनला वेग देणारं कोबाल्ट एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. थेट मिसळले तर पेट घेतात, स्फोटही होतो. हातमोजे, चष्मा, मास्क, आणि जवळपास बिडी नाही.

खारं वारं

किनाऱ्यावर घासून पांढरी केलेली ट्यूब रात्रीत तांबूस होते. म्हणून सँडब्लास्ट आणि झिंकयुक्त एपॉक्सी प्रायमर एकाच दिवसात. ट्यूबची तोंडं पूर्ण बंद करा; अर्धवट बंद ट्यूब आतून सडते आणि बाहेरून कळत नाही. जिथे भोक पाडावंच लागतं तिथे आत कॅव्हिटी वॅक्स सोडा. फ्लोअरला ५०५२ ग्रेडचा अ‍ॅल्युमिनिअम पत्रा, आणि पत्रा-ट्यूबच्या मध्ये सीलंटचा थर. दोन धातू खाऱ्या ओलाव्यात थेट टेकले की अ‍ॅल्युमिनिअमची पांढरी भुकटी होते.

बंदरावरच्या दुकानात चकचकीत स्टेनलेसचे बोल्ट मिळतात, गंजत नाहीत, मोह होतो. बॉडीला खुशाल वापरा. सस्पेन्शन, स्टिअरिंग, बेल्ट आणि ब्रेक यांना नाही. तिथे १०.९ ग्रेडचे, झिंक केलेले बोल्ट, डोक्यावर आकडा वाचून घेतलेले, आणि दर पावसाळ्यानंतर बदललेले.

तोलणं आणि चालवणं

तयार गाडी चार काट्यांवर चढवा. काट्यांची पातळी गवंड्याच्या पाण्याच्या पाईपने जुळवा. चिऱ्याच्या शेडमधला कोबा कधीच सपाट नसतो. पुढे २४० आणि मागे ३६० आले तर वजनाचा मध्य पुढच्या अ‍ॅक्सलपासून १३८० मिमीवर आहे. आता तो किती उंचीवर आहे ते काढा. डॅम्परच्या जागी लोखंडी पट्ट्या लावून सस्पेन्शन बांधा, मागची चाकं ४०० मिमी उचला आणि पुढचं वजन किती वाढलं ते बघा. ९ किलो वाढलं, तर ९ गुणिले २३००, भागिले ६०० गुणिले ०.१७७, म्हणजे सुमारे १९५ मिमी अ‍ॅक्सलच्या वर. चाकाची त्रिज्या २७५ मिळवली की ४७० मिमी. हा आकडा चांगला आहे. ५५० आला तर सीट आणि इंजिन खाली आणा. काटा एक-दोन किलोने चुकला तरी उत्तर बरंच हलतं, म्हणून माप दोनदा घ्या.

चाचणी किनाऱ्यावरच्या वाळूत करायची नाही. गाडी रुतते, खारं पाणी बेअरिंगमध्ये जातं, आणि पोलीस गुन्हाही नोंदवतात. घाटही नको. मालकाची लेखी परवानगी असलेलं एखादं मोठं काँक्रीट आवार शोधा, एमआयडीसीत सुट्टीच्या दिवशी मिळू शकतं. पहिले दोन तास फक्त ब्रेक आणि तापमान. मग खडूने १५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखा आणि वेग हळूहळू वाढवत फेरीची वेळ घ्या. ८.५ सेकंदांत फेरी म्हणजे ०.८४ जी, गुरुत्वाकर्षणाच्या ०.८४ पट बाजूचा जोर. वेग वाढवताना पुढची चाकं बाहेर सरकत असतील तर ठीक. मागची सरकत असतील तर पुढचा अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारी दांडी) कडक करा किंवा मागे टो-इन वाढवा, आणि तोवर ट्रॅकचा विचार करू नका. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत.

त्यानंतर कोईम्बतूरचा करी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा मद्रास ट्रॅक, दोन्ही ट्रॉलीवरून जायच्या जागा. आयोजकांकडून तपासणीचे नियम आधी मागवा. बाहेरून ओढता येणारा बॅटरी कट-ऑफ, पुढे-मागे गाडी ओढायचे टो हुक, तेलाचा कॅच टँक, बसल्या जागी हाताला लागणारं अग्निशामक आणि एकही उघडी भेग नसलेली फायरवॉल हे बघितलं जाईलच. घरी परतल्यावर ट्रॉलीवरून उतरवण्याआधी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा, ब्रेक गरम होईपर्यंत आवारात चालवून वाळवा, आणि मगच शेडमध्ये लावा.